धाकटीचा बंगला आणि आमची हप्त्याची तालीम

माझ्या धाकट्या बहिणीच्या बंगल्याच्या चाव्या माझ्याकडं असतात. चांगला जाडजूड जुडगा आहे. पुढच्या दाराची, मागच्या दाराची, गच्चीची, फाटकाची आणि वरच्या मजल्यावरच्या एकेका खोलीची. सांगलीत विश्रामबागेत आम्ही भाड्यानं राहायचो त्या दोन खोल्यांना एकच कुलूप होतं, आणि तेही घरमालकाचं. हा जुडगा मी तांदळाच्या डब्यामागं ठेवायची. तांदूळ काढायला गेलं की तो दिसायचा आणि दिसला की पोटात दुखायचं. दुसरीकडं ठेवता आला असता, पण कधी ठेवला नाही.

मी तिच्यावर जळत होते. गोल गोल बोलण्यात अर्थ नाही. जीवही तितकाच होता तिच्यावर. ती आजारी पडली तर मला इथं घास उतरायचा नाही, आणि ती बरी होऊन नव्या सोफ्याचा फोटो पाठवायची तेव्हाही उतरायचा नाही. सख्खी बहीण असलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागणार नाही.

तिचं सासर विट्याच्या पुढं, कोरड्या मुलखात. त्या बाजूची पुष्कळ माणसं सोनं गाळायच्या धंद्यात आहेत. देशभरातल्या शहरांत त्यांची लहान लहान दुकानं आहेत. सराफ मोडीचं सोनं आणून देतात, हे लोक ते वितळवून, तेजाबात घालून शुद्ध करून देतात. धाकटीच्या नवऱ्याचं दुकान दक्षिणेतल्या एका शहरात आहे. दुकानाच्या वरच्या खोलीत त्यांचा संसार. तिथं काटकसरीनं राहायचं आणि कमावलेलं सगळं गावाकडच्या बंगल्यात घालायचं, ही तिकडची रीतच पडली आहे. गावात असे बंगले रांगेनं उभे आहेत. एकानं गोल खांब लावले की शेजारचा त्याहून जाड लावतो. वर्षभर सगळ्यांना कुलपं. चैत्रात जत्रा आली की लांबलांबच्या गाड्या येतात, कुलपं निघतात, मटणाच्या पंक्ती उठतात आणि आठवड्याभरात रस्ता पुन्हा मोकळा होतो.

जत्रेआधी धाकटीचा बंगला उघडायचं काम माझ्याकडं होतं. सांगलीहून एसटीनं जायचं, खिडक्या उघडायच्या, जळमटं काढायची, टँकर बोलावून टाकी भरून घ्यायची. मी ते काम दातओठ खात करायची, पण चोख करायची. फरशी पुसताना नळावर गंज दिसला तर चिंच लावून घासायची. सगळं झालं की हॉलमधल्या सोफ्यावर बसायची. आमच्या दोन्ही खोल्या त्या हॉलमध्ये ठेवल्या असत्या तरी कडेनं फिरायला जागा उरली असती. तिथं बसून मी चहा प्यायची आणि मनातल्या मनात पडदे बदलायची.

हे घराचं वेड आम्हा दोघींना एकाच ठिकाणी लागलं. आम्ही कोयनानगरच्या कॉलनीत वाढलो. वडील धरणाच्या प्रकल्पावर कामाला होते आणि आम्हाला क्वार्टर मिळालं होतं. वडिलांनी ते आपलंच मानलं. पदरच्या पैशानं दरवर्षी रंग दिला, मागं फणस लावला, पुढं तुळशीचा कट्टा बांधला. आपलं घर घ्यावं, त्यासाठी काही बाजूला टाकावं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. घर होतंच की! नोकरी संपली आणि क्वार्टर सोडायचा कागद आला तेव्हा आमचं म्हणावं असं कुठंच काही नव्हतं. सामान टेम्पोत भरून आम्ही चुलत्यांकडं निघालो. चुलतीनं आम्हाला मागच्या दोन खोल्या दिल्या आणि पुढं आयुष्यभर त्याची आठवण देत राहिली. घाट उतरताना धाकटी गादीच्या गुंडाळीवर बसली होती. ती म्हणाली, "आक्के, मी लय मोठं घर बांधणार हाय." मीही तेच ठरवलं होतं. पण ती आधी बोलली, आणि मग माझं म्हणणं म्हणजे तिची नक्कल झाली.

कोयनेची आणखी एक सवय आमच्या अंगात मुरली. तिथं अधूनमधून जमीन हलायची. मांडणीतली भांडी खणखणायची, आई आम्हाला ओढत अंगणात आणायची. त्यामुळं आईचा एक नियम होता. निजताना जिथं डोकं येतं त्या भिंतीवर काही टांगायचं नाही. फळी नको, घड्याळ नको, देवाची तसबीरसुद्धा दुसऱ्या भिंतीला. आजही आम्ही दोघी कुठंही आडव्या व्हायच्या आधी वर बघतो. लग्नाच्या हॉलमध्ये, दवाखान्यात, एसटीच्या बाकावरसुद्धा. वर काही दिसलं तर डोळा लागत नाही.

माझे यजमान साताऱ्याकडचे, फौजेतले. त्यांच्याबरोबर मीही क्वार्टर ते क्वार्टर फिरले. नळ गळला की अर्ज द्यायचा, माणूस येऊन दुरुस्त करून जाणार. घराला खर्च असतो हे मला खरं सांगायचं तर माहीतच नव्हतं. ते निवृत्त झाले, आम्ही मुलीच्या शिक्षणासाठी सांगलीत आलो, त्यांनी एका गोदामावर सुरक्षेची नोकरी धरली. बँकेत फंडाचे पैसे आले. एवढे पैसे आयुष्यात एकदाच येणार होते. चुकीच्या घरात गेले असते तर परत येणार नव्हते, आणि मग टेम्पोत गादीच्या गुंडाळीवर बसायची पाळी आमच्यावर होती. हे मलाही कळत होतं. पण त्याच्याही वर मला धाकटीचा हॉल दिसत होता.

तेव्हा एका नव्या इमारतीत तीन बेडरूमचा फ्लॅट बघितला. इमारत अजून अर्धीच होती, पण दाखवायला एक फ्लॅट सजवून ठेवला होता. मोठा हॉल, पांढरी फरशी, छतात लपवलेले दिवे. निजायच्या खोलीत पलंगाच्या वर भिंतभर कपाटं. माझी नजर सवयीनं वर गेली आणि मी ती खाली आणली. म्हटलं, होईल सवय. विक्रीवाला पोरगेला माणूस थंड पेय घेऊन मागं मागं करत होता. यजमानांनी पेय बाजूला ठेवलं.

"महिन्याचा मेंटेनन्स किती?"

त्यानं सांगितलं.

"आन् मागच्या पुरात ह्या रस्त्यावर पाणी कुठवर हुतं?"

"काका, इथं पाणी येतच नाही."

"न्हाई, कुठवर हुतं ते इचारतोय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घर बघायला आलोय की चौकीवर, असं मी बाहेर आल्यावर त्यांना फणकाऱ्यानं म्हटलं. ते शांतपणे गाडीला किक मारत राहिले. त्यांच्या मनात एक जुना फ्लॅट होता. दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, राहते मालक पुण्याला मुलाकडं निघालेले. पावसाळ्यात जाऊन त्यांनी तो रस्ताही बघून ठेवला होता. तो फ्लॅट मी दारातूनच बघून नाक मुरडलं होतं.

त्यात धाकटीचा फोन. मी तिला तीन बेडरूमचं ऐकवलं, जरा वाढवूनच ऐकवलं. ती मनापासून म्हणाली, "घे की आक्के. कमी पडलं तर सांग, आमी हाय." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं "कशाला एवढं" म्हटलं असतं तर चाललं असतं. त्या दिवशी मी यजमानांना सांगून टाकलं की घेतलं तर तेच घर.

ते भांडले नाहीत. ते कधीच भांडत नाहीत, तोच त्यांचा हट्टीपणा. म्हणाले, "ठीक हाय. कर्ज काढायच्या आधी वरीसभर हप्ता भरून बघू."

"कुणाला भरायचा?"

"आपल्यालाच. फौजेत कुठलंबी काम तालमीबिगर करत न्हाईत. पेन्शन आली की हप्ता आन् मेंटेनन्स दुसऱ्या खात्यात टाकायचा. त्याला हात लावायचा न्हाई. उरंल त्यात जगायचं. माझी गोदामावरची नोकरी धरायची न्हाई, ती उद्या गेली तर?"

"आणि फंड?"

"निम्म्याला हात लावायचा न्हाई. दुखणंबाणं हाय, पोरीचं हाय."

मी म्हटलं, करू. त्यांना वाटलं असेल मी दोन महिन्यांत हात टेकीन. ते मला पुरते ओळखत नव्हते.

कर्ज नसताना हप्ता भरणारं सांगलीतलं आमचं एकच घर असावं. रविवारचं मटण गेलं, त्या जागी अंडी आली, मग अंडीही रविवार सोडून आली. मी रिक्षा बंद केली आणि मंडईतून पिशव्या घेऊन पायी यायला लागले. लग्नाला जायचं तर एकट्यानं जायचं, कारण दोघं गेलो की आहेर दोघांच्या मानाचा द्यावा लागतो. त्यातच माझी एक दाढ किडली. डॉक्टरांनी टोपी बसवायला सांगितली, खर्च सांगितला. मी दुसऱ्या बाजूनं चावायला लागले.

"दाढंचं काय केलंस?" यजमान विचारायचे.

"बसली ती."

"कशी बसली?"

"आपोआप."

रात्री गाल सुजायचा आणि मी लवंग धरून पडायची. पण दुखणं वाढलं की डोळ्यांपुढं तो हॉल आणायची. माझ्या हॉलमध्ये धाकटी बसली आहे, मान वर करून छतातले दिवे बघते आहे, आणि मी अगदी सहज म्हणते आहे, "चहा घेणार ना?" त्या एका चहासाठी मी उरलेले सगळे दातही दिले असते.

तालीम निम्म्याच्या पुढं गेली होती तेव्हा तिचा पुन्हा फोन आला. आवाज बसलेला होता. तेजाबाच्या धुरानं तो नेहमीच बसलेला असायचा, पण हा वेगळा होता.

"आक्के, बंगल्याला गिऱ्हाईक बघशील?"

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तिनं सांगितलं की तिकडच्या दुकानाचा मालक जागा विकायला निघाला आहे. घेतली नाही तर दुकानही जाणार आणि वरची खोलीही. इतकी वर्षं ते तिथं भाड्यानंच होते. हे मला माहीत होतं, पण कधी लक्षात ठेवलं नव्हतं. सगळी कमाई बंगल्यात होती, आणि बंगला इथं होता.

तिला धीर द्यायचं सोडून मला आधी आनंद झाला. चांगला भरघोस झाला. फोन ठेवला, चहा केला आणि दाढ दुखत असताना त्यात चमचाभर साखर जास्त घातली. मग जुडगा काढून पदराला बांधला आणि गिऱ्हाईक शोधायच्या मागं लागले.

गावात गिऱ्हाईक मिळणं शक्यच नव्हतं. ज्याच्याकडं पैसा होता त्याचा स्वतःचाच बंगला कुलपात होता. शेवटी ओळखीतून नदीकाठचा एक ऊसबागायतदार मिळाला. त्याच्या घरात पुराचं पाणी शिरायचं, त्याला उंचावरचं, कोरड्या गावातलं घर हवं होतं. तो बायकोला घेऊन आला. मी आदल्या दिवशी जाऊन सगळं लख्ख करून ठेवलं होतं.

दोघं बूट-चपला काढून आत आले आणि बाई हॉलच्या मधोमध उभी राहिली.

"आगं बया, एवढं झाडायचं कुणी?"

मला हसू यायला हवं होतं. झाडणारी मीच होते. पण मला राग आला. मी म्हटलं, "ताई, फरशी कसली आहे बघा तरी. डाग धरत नाही."

बागायतदार दारांच्या चौकटी बोटानं ठोकत चालला होता. मागच्या दाराची चौकट पोकळ वाजली. त्यानं नख लावलं तर वाळवीची माती सुटली. मोटर चालू केली तर ती नुसती गुरगुरली. भिंतीत ओल होती, ती मी कॅलेंडरनं झाकली होती, त्यानं कॅलेंडर उचललं.

"आवं ताई, बंद घर हाय हे," तो म्हणाला. वाईट बोलायचा त्याचा हेतू नव्हता. "जागंचा भाव दिऊ. बांधकामाचा कोण देणार? ह्याला ह्या गावात दुसरं गिऱ्हाईक दाखवा मला."

मी त्याच्याशी भांडले. त्या खांबांवर, त्या नळांवर, त्या सोफ्यावर मी वर्षानुवर्षं बोटं मोडली होती आणि आता एकेका वस्तूसाठी परक्या माणसाशी हमरीतुमरीवर आले. त्याची बायको मला समजावत वरच्या मजल्यावर घेऊन गेली. "चला, वरचं दावा."

वर धाकटीची निजायची खोली होती. मी ती दरवर्षी झाडायची, पण पलंगाकडं नीट बघितलं नव्हतं, बघून त्रासच व्हायचा. बाईनं चादर उचलली. गादीवरचं दुकानातलं प्लास्टिक तसंच होतं.

"ह्यावर कोण निजलंच न्हाई व्हय?"

जत्रेत वरच्या खोल्या पाहुण्यांच्या पोराबाळांनी भरतात. पण ही खोली धाकटी कुणाला द्यायची नाही, आणि स्वतः खाली स्वयंपाकघरात, भांड्यांच्या शेजारी सतरंजी टाकून पडायची. मी म्हणायची, मालकीण आहे, मिरवते आहे साधेपणा. मी पलंगाजवळ गेले आणि सवयीनं वर बघितलं. डोकं येतं त्या भिंतीवर लाकडाचं जाड नक्षीकाम होतं, आणि बरोबर उशीवर काचेचं भलंमोठं झुंबर. इतर बंगल्यांत असतं म्हणून ठेकेदारानं लावलं असणार. या पलंगाशी येऊन तीही अशीच वर बघून परत गेली असणार.

परतीच्या एसटीत जुडगा मांडीवर होता. बागायतदारानं दिलेला जागेचा भाव मी तिला फोनवर सांगितला, तो नकारच होता. ती म्हणाली, "बरं." मग म्हणाली, "तू जेवलीस का?"

घरी आले. यजमान कामावरून येऊन भाजी निवडत बसले होते. मी म्हटलं, "मोठ्या घराची तालीम बंद करा. तो दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट गेला का अजून आहे, विचारा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता विचारतील काय झालं, आणि मी काहीतरी तिखट उत्तर तयार ठेवलं होतं.

"आधी दाढ दाखवून यू," ते म्हणाले.

फ्लॅट शिल्लक होता. कागद वकिलाकडून तपासून घेतले, सोसायटीची थकबाकी विचारली, गच्ची गळते का ते वरच्या मजल्यावरच्या बाईंकडून काढून घेतलं. तालमीत साठलेल्या पैशांत नोंदणी आणि मुद्रांकाचा खर्च निघाला, दाढेच्या टोपीचाही. नवा हप्ता तालमीच्या हप्त्याहून बराच लहान होता, त्यामुळं पहिल्या महिन्यात आम्हाला उगाचच श्रीमंत झाल्यासारखं वाटलं आणि आम्ही मटण आणलं. निम्मा फंड जागेवर राहिला.

जळणं थांबलं असं मात्र कुणी समजू नये. किल्ली हातात पडली तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून हात पसरून बघितले, तर दोन्ही भिंतींना लागले. नव्या इमारतीत त्या फ्लॅटमध्ये कोण राहायला आलं हे बघायला मी मुद्दाम त्या रस्त्यानं जाते. अजूनही जाते.

वास्तुशांतीला धाकटी नवऱ्याबरोबर आली. दुकानाची जागा त्यांनी घेतली होती, बंगला तसाच कुलपात होता. मी सगळ्यात आधी तिचा गळा बघितला. बघायचा नाही असं ठरवलं होतं तरी बघितला. नुसतं काळ्या मण्यांचं मंगळसूत्र. दुकान कशातून आलं ते मला कळलं. सोनं गाळणाऱ्याच्या बायकोचा तो गळा मी लग्नानंतर मोकळा कधी पाहिला नव्हता. तिनं माझ्यासाठी तिकडची रेशमी साडी आणली होती, आणि माझ्या लगेच मनात आलं की तिच्या अंगावरचा रंग जास्त उठून दिसतो.

तिनं घर फिरून बघितलं. फिरायला वेळ लागलाच नाही.

"झालं? एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच," मी म्हटलं, आणि वाढायला वळले. डोळ्यांत पाणी आलं होतं ते कुणाला दिसू दिलं नाही.

पंगती उठल्या. पुरणपोळ्या कमी पडतील म्हणून मी धास्तावले होते, त्या पुरल्या. पाहुणे बाहेरच्या खोलीत गप्पा मारत बसले. विडे करायला धाकटीला शोधलं तर ती कुठं दिसेना. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

ती माझ्या गादीवर झोपली होती. रेशमी साडीत, तोंड उघडं टाकून, कोयनेला झोपायची तशी. आम्ही अजून त्या घरात एकही रात्र काढली नव्हती. त्या रात्री पहिल्यांदा निजायचं म्हणून मी सकाळीच नवी चादर घातली होती, घडी मोडू नये म्हणून मुलीलाही बसू दिलं नव्हतं. वरची भिंत मी कोरी ठेवली होती. घर माझं, हप्ता माझा, तालमीत सुजला तो गालही माझा, आणि त्या घरातली पहिली झोप घेतली हिनं! मला इतका हेवा वाटला तिचा, बंगल्याचासुद्धा कधी वाटला नव्हता. अशी झोप मला स्वतःला कधी लागली होती ते आठवेना.

उठवावं म्हणून मी खाली बसून तिच्या खांद्याला हात लावला. ती जागी झाली नाही. झोपेतच तिनं हात डोक्याच्या वर नेला, भिंत चाचपली, हाताला काही लागलं नाही, तशी ती कुशीवर वळली.

मी पंखा वाढवला. दार ओढून घेतलं आणि बाहेर जाऊन सगळ्यांना हळू बोलायला सांगितलं.